चौथा रकाना

टर्मिनलवर कुबरनेटिसची ‘क्युबसीटीएल गेट पॉड्स’ एवढी कमांड दिली की पाच रकाने समोर येतात. पॉडचं नाव, त्यातले किती कंटेनर तयार आहेत, स्थिती, आतापर्यंत किती वेळा पुन्हा सुरू झाला, आणि वय. बघणाऱ्याची नजर आपसूक तिसऱ्या रकान्याकडे जाते. तिथे ‘रनिंग’ दिसलं की जीव भांड्यात पडतो. खरी बातमी मात्र पुष्कळदा शेजारच्या चौथ्या रकान्यात असते. वय चार दिवस आणि रिस्टार्ट्स ९६ असं दिसलं, तर तो पॉड ‘रनिंग’ आहे याला फारसा अर्थ उरत नाही. सरासरी तासाला एकदा तो मरतो आहे आणि तासाला एकदा जिवंत केला जातो आहे. आपण पाहिलं तेव्हा तो जिवंत होता, इतकंच.

कुबरनेटिसची ताकद या रकान्यात दिसते आणि त्याच्या दुरुस्तीतली अडचणही इथूनच सुरू होते. कोसळलेला कंटेनर ही यंत्रणा कुणालाही न उठवता पुन्हा उभा करते. रात्री कुणाचा फोन वाजत नाही, ग्राहकाला पत्ताही लागत नाही. पण प्रत्येक वेळी उभं करताना आधीच्या मृत्यूच्या खुणा थोड्या थोड्या पुसल्या जातात. कमांड लाइनवर बसून बिघाड शोधणाऱ्या माणसाला त्या पुसल्या जाण्याच्या आत तिथे पोचावं लागतं.

ही यंत्रणा अशी का वागते, हे तिच्या जन्मात आहे. गूगलच्या आत ‘बोर्ग’ नावाची व्यवस्था दशकभर हजारो सर्व्हरवर कामं वाटून देत होती. त्या अनुभवाच्या जोरावर जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांनी कुबरनेटिसची कल्पना मांडली. जून २०१४ मध्ये गूगलने तिचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि २१ जुलै २०१५ रोजी १.० ही आवृत्ती आली. चालवणाऱ्याने कृती सांगायची नाही, हवी ती स्थिती सांगायची, हा तिचा पाया. ‘या ॲपच्या तीन प्रती चालू असाव्यात’ एवढं यामल फाइलमध्ये लिहायचं. ते एटसीडी नावाच्या भांडारात नोंदलं जातं. मग कंट्रोलर नावाचे छोटे छोटे प्रोग्राम नोंदलेली स्थिती आणि प्रत्यक्षातली स्थिती यांतलं अंतर अहोरात्र मिटवत राहतात. प्रत्येक नोडवर क्युबलेट बसलेला असतो. आपल्या वाट्याचे कंटेनर जिवंत ठेवणं हे त्याचं काम.

कंटेनर कोसळला की क्युबलेट तो पुन्हा सुरू करतो. पुन्हा कोसळला तर दहा सेकंद थांबून, मग वीस, मग चाळीस, असं दुप्पट करत कमाल पाच मिनिटांपर्यंत थांबतो. या थांबण्याच्या काळात जी पाटी दिसते ती ‘क्रॅशलूपबॅकऑफ’. नवशिक्याला ती भिवविते. अनुभवी माणसाला मात्र ती बरी वाटते, कारण तिथे रोग लपलेला नाही. लपतो तो तासातासाने मरणारा पॉड. कंटेनर सलग दहा मिनिटं नीट चालला की क्युबलेट आपला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे तासाला एकदा मरणाऱ्या पॉडवर ती भिवविणारी पाटी बहुधा लागतच नाही. तो महिनोन्‌महिने ‘रनिंग’ दिसतो आणि चौथ्या रकान्यातला आकडा मुकाट्याने वाढत राहतो.

आता पुराव्याचं बघू. क्लस्टरमध्ये जे जे घडतं त्याच्या छोट्या नोंदी, म्हणजे ‘इव्हेंट्स’, एपीआय सर्व्हर डीफॉल्टने फक्त एक तास ठेवतो. रात्री दोनला काय झालं हे सकाळी नऊला कॉफी घेऊन विचारलं, तर क्लस्टरकडे उत्तर नसतं. कंटेनरचा लॉग ‘क्युबसीटीएल लॉग्स’ने मिळतो, पण तो आत्ता चालू असलेल्या कंटेनरचा. मेलेल्याचा हवा असेल तर ‘प्रीव्हियस’ हा पर्याय जोडावा लागतो, आणि तोही फक्त लगेच आधीच्या जन्मापर्यंत मागे जातो. कितीतरी जण नव्या कंटेनरचा लॉग वाचत बसतात. त्यात ‘सर्व्हर सुरू झाला, पोर्ट ८०८० वर ऐकत आहे’ एवढंच असतं, आणि ‘ॲपमध्ये काही दिसत नाही’ असा शेरा तिकिटावर पडतो. शेवटचे शब्द आधीच्या कंटेनरने उच्चारलेले असतात. ते एका पर्यायाच्या अंतरावर असतात.

यापुढची पायरी अधिक घातक आहे. दडपण वाढलं की हात पहिल्यांदा जातो तो ‘डिलीट पॉड’वर. पॉड काढला की डिप्लॉयमेंट क्षणात नवा देतं, नव्या नावाचा, शून्य रिस्टार्ट्सचा, कोऱ्या लॉगचा. गटाच्या चॅटवर ‘आता ठीक आहे’ असा निरोप जातो. जुन्या पॉडबरोबर त्याचा आधीचा लॉगही गेलेला असतो, कारण ‘प्रीव्हियस’ चालतं ते त्याच पॉडच्या आत. पंचनामा होण्याआधी जागा झाडून काढावी तसं हे आहे. ज्याने झाडली त्याचा हेतू चांगलाच असतो. सेवा बंद आहे, लोक खोळंबले आहेत, आणि पॉड काढल्याने ती खरोखर सुरू होते. पण तोच बिघाड पुढच्या आठवड्यात परत येतो आणि त्या वेळीही हातात काही नसतं.

यावर कुबरनेटिसनेच एक सुरेख वाट ठेवली आहे आणि ती वापरणारे फार थोडे भेटतात. पॉड कुणाचा, हे इथे लेबलवरून ठरतं. आजारी पॉडचं लेबल काढून घेतलं किंवा बदललं, की प्रतींची संख्या राखणारा रेप्लिकासेट त्याला आपला मानत नाही आणि कमी पडलेली प्रत नव्याने उभी करतो. सर्व्हिसही त्याच लेबलवर पॉड निवडत असेल, तर आजारी पॉडकडे येणारी रहदारी थांबते. ग्राहकाचं काम नव्या पॉडवर सुरू राहतं आणि जुना पॉड जसाच्या तसा तपासायला शिल्लक राहतो. एका ओळीची कमांड आहे. प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजांतही हे तंत्र याच कामासाठी सांगितलेलं आहे. सेवा वाचवायची की पुरावा वाचवायचा, हा पेच निदान निम्म्या वेळा तरी या एका ओळीने सुटतो.

मग त्या पॉडसमोर बसून काय वाचायचं? ‘डिस्क्राइब पॉड’चं उत्तर लांबलचक असतं. बहुतेक जण वरून वाचायला लागतात आणि मध्येच कंटाळतात. निदान दोन जागा तरी सोडू नयेत: मधला ‘लास्ट स्टेट’चा तुकडा आणि तळाच्या इव्हेंट्स. ‘लास्ट स्टेट’मध्ये चार-पाच ओळी असतात. टर्मिनेटेड. कारण. एक्झिट कोड. कधी सुरू झाला. कधी संपला. शेवटच्या दोन वेळांकडे फार कमी लोक बघतात. त्यांची वजाबाकी करावी. कंटेनर तीन सेकंदांत मेला असेल तर तो सुरुवातीलाच अडखळतो आहे: एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नाही, पासवर्ड चुकलेला आहे, डेटाबेसचा पत्ता लागत नाही. सहा तास जगून मेला असेल तर बहुधा हळूहळू काहीतरी साठत गेलं आहे. लॉगची एक ओळही न वाचता अर्धी दिशा इथे मिळते.

एक्झिट कोड ही तर स्वतंत्र अभ्यासाची गोष्ट आहे. १२७ म्हणजे जी कमांड चालवायला सांगितली ती इमेजमध्ये नाहीच. १ म्हणजे बहुधा ॲपनेच हात टेकले. पुढची वाट लॉगमधून जाते. शून्य म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं. आणि तरीही शून्य कोडचा पॉड ‘क्रॅशलूपबॅकऑफ’मध्ये सापडू शकतो. एकदाच चालून संपणारं काम डिप्लॉयमेंटमध्ये घातलं की असं होतं. काम संपतं, कंटेनर शांतपणे निघून जातो, डिप्लॉयमेंटचा नियम मात्र ‘सतत चालू’ असा असतो, म्हणून क्युबलेट त्याला पुन्हा उभा करतो. इथे ॲपमध्ये दोष शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. ते काम ‘जॉब’मध्ये हलवायला हवं होतं.

सगळ्यांत जास्त गैरसमज १३७ बद्दल आहेत. लिनक्समध्ये एखादी प्रक्रिया सिग्नलने मारली गेली की कोड येतो १२८ अधिक त्या सिग्नलचा क्रमांक. नववा सिग्नल म्हणजे थेट ठार मारणं; म्हणून १३७. मेमरीची मर्यादा ओलांडली की कर्नल हाच सिग्नल देतं आणि कारणाच्या ओळीत ‘ओओएमकिल्ड’ लिहिलेलं येतं. नवव्या सिग्नलला प्रक्रिया अडवू शकत नाही, शेवटचं काही लिहूही शकत नाही. म्हणून अशा मृत्यूनंतर लॉग वाक्याच्या मधोमध तुटलेला सापडतो, आणि ‘लॉगमध्ये काहीच नाही’ हाच तिथला पुरावा असतो.

जावावाल्यांनी हा अनुभव भरपूर घेतला. जुन्या जावाला कंटेनरची मर्यादा कळतच नसे. ती सगळ्या नोडची मेमरी बघायची आणि तिचा चौथा हिस्सा आपल्या हीपची कमाल मर्यादा धरायची. नोड ६४ जीबीचा असेल तर १६ जीबी. कंटेनरला मात्र एकच जीबी दिलेला. ॲप लॅपटॉपवर उत्तम चालायचं, क्लस्टरवर तासाभरात ठार व्हायचं, आणि जावाच्या बाजूने चुकीची एक ओळही उमटायची नाही. २०१८ मध्ये जावा १० मध्ये ही सुधारणा आली, पुढे त्याच वर्षी जावा ८ च्या १९१ व्या अपडेटमध्येही आली. जुनी इमेज कुठेतरी अजून चालू असेल तर हा बिघाड तिच्यात आजही जिवंत आहे.

पण प्रत्येक १३७ मेमरीचा नसतो. कुबरनेटिस एखाद्या कंटेनरला थांबवायचं ठरवतं तेव्हा आधी विनंतीचा सिग्नल पाठवतं आणि डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघतं. तेवढ्यात तो आवरून निघाला नाही तर मग नववा सिग्नल. कोड पुन्हा १३७, कारणाच्या ओळीत मात्र ‘ओओएमकिल्ड’ नसतं. थांबवायचं का ठरवलं, हे तळच्या इव्हेंट्समध्ये लिहिलेलं असतं: बहुधा ‘लाइव्हनेस प्रोब फेल्ड’, म्हणजे ॲप जिवंत आहे का हे विचारणारी चाचणी चुकली. या चाचणीचे डीफॉल्ट आकडे बघण्यासारखे आहेत. दर दहा सेकंदांनी विचारणा, उत्तराला एक सेकंदाची मुदत, लागोपाठ तीनदा चुकलं की कंटेनर खलास. भर गर्दीच्या वेळी ॲपला उत्तर द्यायला सव्वा सेकंद लागला तरी तो आजारी ठरतो. त्याला मारलं की त्याचा भार उरलेल्या दोघांवर. मग त्यांनाही सव्वा सेकंद लागतो. सणासुदीच्या विक्रीच्या तासाला सगळे पॉड एकामागून एक पडतात ते असे. आणि अशा वेळी १३७ बघून मेमरीची मर्यादा दुप्पट करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एका ओळीवरचं कारण वाचलं असतं तर मुदत एकाऐवजी पाच सेकंद करून काम भागलं असतं.

‘पेंडिंग’चं दुखणं वेगळं. तिथे कंटेनर जन्मलेलाच नसतो, त्यामुळे लॉग नसतो. तरी लोक आधी लॉग मागतात. उत्तर शेड्यूलरने आधीच लिहून ठेवलेलं असतं, इव्हेंट्सच्या तळाशी: तीनपैकी शून्य नोड उपलब्ध, एकावर न चालणारा टेंट (नोडवरची मनाईची खूण), दोघांवर मेमरी अपुरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याचं इतकं चोख उदाहरण संगणकाच्या जगात दुसरं नसेल. मग माणूस ‘टॉप नोड्स’ चालवून बघतो आणि चक्रावतो. नोडवर तर निम्मी मेमरी मोकळी दिसते! शेड्यूलर प्रत्यक्ष वापर बघत नाही. यामलमध्ये ‘रिक्वेस्ट’ म्हणून जे मागितलं त्याचीच तो बेरीज करतो. दहा ॲपनी घाबरून चौपट मेमरी मागून ठेवली असेल, तर रिकामा नोडही त्याच्या लेखी भरलेला असतो.

मागण्याच्या एककातही एक सापळा आहे. सीपीयूच्या बाबतीत ४०० आणि त्यापुढे लहान लिपीतला ‘एम’ म्हणजे एका कोअरचे चारशे सहस्रांश. हेच सवयीने मेमरीपुढे लिहिलं तर अर्थ होतो ०.४ बाइट. लिहिणाऱ्याच्या मनात ४०० मेगाबाइट असतात. व्याकरण बरोबर असल्याने फाइल स्वीकारली जाते, आणि शेड्यूलर या पॉडला जवळजवळ काहीच नको असं समजून कुठेही बसवतो. दस्तऐवजांत या चुकीचा नावानिशी उल्लेख आहे, यावरून ती किती जणांच्या हातून होते ते कळावं.

‘इमेजपुलबॅकऑफ’वर फार थांबायला नको. टॅगमध्ये एक अक्षर चुकलेलं असतं किंवा रजिस्ट्रीचा परवाना दिलेला नसतो. इव्हेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. एक अपवाद लक्षात ठेवावा. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न करता इमेज उतरवणाऱ्यांवर सहा तासांत शंभरची मर्यादा आणली, आणि ती मोजली गेली आयपी पत्त्यावर. एकाच पत्त्यामागे बसलेल्या मोठ्या क्लस्टरला ती काही मिनिटांत भिडू शकते. यामल निर्दोष, टॅग बरोबर, काल चाललं होतं आणि आज चालत नाही, याचं कारण असं बाहेरही असतं.

आतापर्यंतचे सगळे बिघाड निदान बोलतात. खरा कस लागतो तो न बोलणाऱ्या बिघाडात. कुबरनेटिसमध्ये जवळजवळ सगळं लेबल आणि सिलेक्टर यांच्या जुळण्यावर चालतं. सर्व्हिस म्हणते, ‘ॲप म्हणजे वेब’ असं लेबल असलेले पॉड माझे. पॉडवर कुणी ‘वेबसाइट’ लिहिलं असेल तर सर्व्हिसला एकही पॉड मिळत नाही. हा कुबरनेटिसच्या दृष्टीने गुन्हा नाही. आज पॉड नसतील, उद्या येतील, असं ती यंत्रणा धरून चालते. त्यामुळे सर्व्हिस हिरवी, पॉड हिरवे, लॉग निर्मळ, आणि ग्राहकाला पान उघडत नाही. ‘गेट एंडपॉइंट्स’ विचारलं की एका शब्दात उत्तर येतं: ‘नन’. कुणीही नाही. अशा वेळी नेटवर्क, फायरवॉल, सर्टिफिकेट असं सगळं धुंडाळत माणसं तास तास घालवतात, कारण काहीही न जुळणं हीसुद्धा बिघाडाची खूण असू शकते, हे कुणी त्यांना शिकवलेलं नसतं.

हीच गोष्ट केवढी मोठी होऊ शकते ते १४ मार्च २०२३ ला दिसलं. रेडिट ही जगातल्या सर्वांत गजबजलेल्या चर्चास्थळांपैकी एक. त्या दिवशी तिच्या अभियंत्यांनी एक महत्त्वाचं क्लस्टर कुबरनेटिस १.२३ वरून १.२४ वर नेलं आणि जवळपास लगेच सगळं ठप्प झालं. सेवा सावरायला ३१४ मिनिटं लागली. भारतात तेव्हा रात्र होती. ज्यांच्या दिवसाची सुरुवात तिथल्या चर्चांनी होते त्यांना ती बंद झालेली आणि पुन्हा उघडलेली कळलंही नसेल. पण या व्यवसायातल्या प्रत्येकाने रेडिटने नंतर मोकळेपणाने लिहिलेला अहवाल वाचायला हवा.

कारण एका लेबलमध्ये होतं. क्लस्टरचं नियंत्रण करणाऱ्या नोडना पूर्वी ‘मास्टर’ असं लेबल लागत असे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या १.२० पासून त्याच्या जागी ‘कंट्रोल प्लेन’ हे नाव आलं. जुनं नाव जाणार हे जाहीर झालं, आणि १.२४ मध्ये ते खरोखर गेलं. रेडिटच्या या जुन्या क्लस्टरमध्ये कॅलिको हे नेटवर्क-साधन होतं. नोडनोडमधले रस्ते एकमेकांना कळवण्याचं काम त्याने काही ठरावीक नोडवर सोपवलं होतं. ते नोड कोणते, हे एका सिलेक्टरमध्ये लिहिलं होतं, आणि त्यात लेबल होतं ‘मास्टर’चं. अपग्रेडनंतर या सिलेक्टरला जुळणारा एकही नोड उरला नाही. रस्ते सांगणारं कुणीच राहिलं नाही. एवढ्या मोठ्या क्लस्टरचं अंतर्गत नेटवर्क एका न जुळलेल्या शब्दाने मोडलं, आणि त्या सिलेक्टरच्या लेखी मात्र काहीच चुकलेलं नव्हतं.

अहवालातला मन लावून वाचावा असा भाग माणसांबद्दल आहे. ही रचना काही वर्षांपूर्वीच्या चमूने केली होती. ज्यांना ती ठाऊक होती ते दुसऱ्या कामांवर किंवा दुसऱ्या कंपन्यांत गेले होते. बॅकअपवरून क्लस्टर परत उभं करण्याची जी कृती लिहून ठेवलेली होती, तीही कालबाह्य झालेल्या आवृत्तीसाठी, आणि डॉकर वापरात असतानाच्या काळातली. प्रत्यक्षात क्लस्टर तोवर क्रायओ या वेगळ्या रनटाइमवर गेलेलं होतं. भर संकटात त्या मंडळींना जुन्या सूचना वाचत वाचत नव्या यंत्रणेसाठी मनातल्या मनात बदलून घ्याव्या लागल्या. त्यांनी ते निभावलं, आणि कुणा एका व्यक्तीच्या माथी दोष न मारता सगळं लिहून ठेवलं. या क्षेत्रात अशा लेखनाचं मोल कोडइतकंच आहे.

कधी कधी क्युबसीटीएल स्वतःच मुकं होतं. क्युबॲडमने उभारलेल्या क्लस्टरची बहुतेक अंतर्गत सर्टिफिकेटं वर्षभर चालतात. वेळोवेळी अपग्रेड केलं तर त्याबरोबर ती नव्याने मिळतात. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ म्हणून वर्षभर तसंच ठेवलं, तर एका दिवशी प्रत्येक कमांडला एकच उत्तर येतं: सर्टिफिकेटची मुदत संपली. घाबरगुंडी उडते, पण इथे एक दिलासा असतो. एपीआय सर्व्हरशी बोलणं तुटलं तरी नोडवर चालू असलेले कंटेनर चालूच राहतात. ग्राहकाचं काम लगेच थांबत नाही. अशा वेळी एसएसएचने नोडवर उतरून ‘क्रायसीटीएल’ या साधनाने कंटेनर आणि त्यांचे लॉग थेट बघता येतात. ही दुसरी वाट संकटाच्या आधी एकदा तरी चालून बघितलेली असावी.

पुण्यात हिंजवडी, खराडी, बाणेरच्या कचेऱ्यांतून आणि आता घराघरांतून कितीतरी मराठी मुलंमुली अमेरिका-युरोपातल्या क्लस्टरची रात्रीची ऑन-कॉल सांभाळतात. सॅन फ्रान्सिस्कोत भरदुपार असते तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. पेजर वाजला की पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचं, समोरच्या बैठकीत आठ-दहा जण ‘अपडेट काय?’ विचारत असतात, आणि टर्मिनलवर बसलेली एकटीच मुलगी वाचत असते. तिच्याकडून सगळ्यांना हवी असते ती कृती. ‘मी वाचते आहे, मला पाच मिनिटं द्या’ असं म्हणण्याची मुभा तिला असायला हवी. ती तिला मिळत नाही, म्हणून ती पॉड काढून टाकते. हा तिचा दोष मानणं अन्यायाचं आहे.

शिक्षणातही हेच उणं राहतं. बहुतेक वर्गांत पॉड उभा कसा करायचा हे शिकवतात आणि तो उभा राहिला की धडा संपतो. प्रमाणपत्राची परीक्षा घेणाऱ्यांनी मात्र वजन नेमकं ओळखलं आहे. कुबरनेटिस प्रशासकाची ‘सीकेए’ परीक्षा दोन तासांची, पूर्णपणे कमांड लाइनवर प्रत्यक्ष काम करायला लावणारी. तिच्यात सर्वाधिक भार, ३० टक्के, बिघाड शोधण्याला आहे. आणि साधनंही सुधारली आहेत. सुरक्षिततेसाठी आजकाल इमेजमध्ये शेलसुद्धा ठेवत नाहीत, त्यामुळे ‘एक्झेक’ करून आत शिरता येत नाही. पूर्वी यासाठी इमेज नव्याने बांधावी लागे, आणि तेवढ्यात बिघाड निसटून जाई. ऑगस्ट २०२२ मधल्या १.२५ आवृत्तीपासून ‘डीबग’ कमांडची तात्पुरत्या कंटेनरची सोय पक्की झाली. चालू पॉडला धक्का न लावता त्याच्या शेजारी आपली हत्यारं असलेला एक कंटेनर बसवायचा आणि तिथून आतलं सगळं बघायचं. बघण्यासाठी आता काही मोडावं लागत नाही.

ज्यांना हे हातात बसवायचं आहे त्यांना मोठ्या क्लस्टरची गरज नाही. मिनिक्यूब दोन सीपीयू आणि दोन जीबी मोकळ्या मेमरीवर लॅपटॉपवर चालतं. सुट्टीच्या दिवशी एक साधं ॲप उभं करा आणि मुद्दाम बिघडवा. सर्व्हिसच्या सिलेक्टरमधलं एक अक्षर बदला. मेमरीची मर्यादा इतकी कमी करा की कर्नल त्याला मारेल. लाइव्हनेसच्या मार्गाचं नाव चुकवा. एकदाच चालणारी स्क्रिप्ट डिप्लॉयमेंटमध्ये घाला. प्रत्येक वेळी पडद्यावर काय उमटतं ते शांतपणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जमलं तर कारण माहीत नसलेल्या मित्राला ते शोधायला द्या.

आणि ज्यांच्या हाताखाली असे चमू आहेत त्यांना एक आग्रहाची विनंती. ऑन-कॉलच्या सूचनांमध्ये पॉड काढण्याच्या आधीची पायरी म्हणून तीन गोष्टी लिहून टाका: डिस्क्राइबचं पूर्ण उत्तर, ‘प्रीव्हियस’सह लॉग, आणि वेळेच्या क्रमाने लावलेले इव्हेंट्स, तिन्ही फाइलमध्ये उतरवून तिकिटाला जोडायचे. हे एका मिनिटाचं काम आहे, आणि इव्हेंट्स तासाभरातच नाहीसे होतात.